एकाच क्रूझवरच्या दोघांच्या दोन तऱ्हा का होतात, आणि बुकिंगआधी काय तपासायचं

प्रश्न असा आहे: "पाच-सहा हजार प्रवाशांच्या एखाद्या मोठ्या क्रूझबद्दल वाचायला घेतलं की एक जण लिहितो, आयुष्यातली सर्वांत सुखाची सुट्टी. त्याच जहाजावरून आलेला दुसरा लिहितो, आठवडाभर रांगेत उभे राहिलो, पुन्हा नाव काढणार नाही. खरं कुणाचं मानायचं? आणि आपल्या वाट्याला काय येईल हे पैसे भरण्याआधी कळतं का?"

दोघंही खरं बोलत असतात. जहाज तेच असलं तरी फेरीचा महिना, केबिनची जागा, जेवायला आणि उतरायला निघण्याची वेळ आणि निघताना मनात धरलेलं चित्र या गोष्टी दोघांच्या वेगळ्या असतात. त्यातल्या बऱ्याचशा बुकिंगच्या दिवशीच ठरून जातात. त्यामुळे वाट्याला काय येणार हे पुष्कळ अंशी आधी कळतं, फक्त बघायचं कुठे ते माहीत हवं.

आधी गर्दीचं बघू, कारण सर्वांत जास्त मतभेद तिथेच आहेत. 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज जानेवारी २०२४ मध्ये प्रवासी घेऊन निघालं. त्याचं ग्रॉस टनेज २,४८,६६३ आहे. हा आकडा वाचून बरेच जण जहाजाचं वजन समजतात. तो जहाजातल्या बंदिस्त जागेच्या आकारमानावरून काढलेला असतो, वजनाशी त्याचा संबंध नाही. या आकड्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की दर माणशी किती जागा येते याचा अंदाज मिळतो. एका केबिनमध्ये दोघे धरले तर या जहाजावर ५,६१० प्रवासी होतात, म्हणजे भागाकार साधारण ४४. पण पुष्कळ केबिनमध्ये तिसरा-चौथा पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली येतो. ते सगळे भरले तर प्रवासी ७,६०० पर्यंत जातात आणि तोच भागाकार ३३ च्या खाली येतो. शाळांना सुट्ट्या असलेल्या आठवड्यात हे पलंग भरतात, शाळा सुरू असताना रिकामे राहतात. एकाने लिहिलेलं मोकळं जहाज आणि दुसऱ्याने लिहिलेली जत्रा यांतला फरक पुष्कळदा एवढाच असतो.

ढोबळ मानाने भागाकार ३५ च्या खाली गेला की गर्दी जाणवते आणि ५० च्या वर जहाज ऐसपैस वाटतं. मात्र थिएटर, बर्फावर स्केटिंगची जागा, वॉटरपार्कचे बंदिस्त भाग हे सगळं त्याच आकारमानात मोजलेलं असतं. म्हणून दोन जहाजांची तुलना करण्यापुरताच हा आकडा वापरावा. बुकिंग करताना जहाजाची जाहिरातीतली प्रवासीसंख्या बघू नका, आपल्या तारखेला जहाज किती भरतं आहे ते विचारा. एजंटला हे नेमकं सांगता आलं नाही तरी त्या आठवड्यात तीन-चार माणसांच्या केबिन शिल्लक आहेत की संपल्या, हे तो संगणकावर बघून सांगू शकतो. त्या संपल्या असतील तर जहाजावर मुलं भरपूर असणार.

गर्दी दिवसभर सारखी नसते, ती ठरावीक वेळी आणि ठरावीक जागी साचते. चढण्याच्या दिवशी दुपारी बारा ते दोन बुफेमध्ये पाय ठेवायला जागा नसते. केबिन साधारण एक-दीडनंतर मिळते, तोवर सगळे हातातलं सामान घेऊन तिथेच शिरतात. त्याच वेळी बऱ्याच जहाजांवर खालचं मुख्य भोजनगृह दुपारच्या जेवणासाठी उघडं असतं आणि अर्धं रिकामं असतं, पण चढताना त्याचा फलक कुणी लावत नाही. गँगवेवरच्या, म्हणजे जहाजावर चढायच्या पुलावरच्या, कर्मचाऱ्याला विचारायचं. बंदराच्या दिवशी सकाळी आठ ते साडेनऊ आणि समुद्रातल्या दिवशी नऊ ते साडेदहा बुफेची हीच अवस्था असते. थिएटरचा खेळ सुटला की वीस मिनिटं लिफ्टचा नाद सोडावा आणि जमत असेल तर जिन्याने जावं.

थिएटरचं गणित तर कुणी आधी मांडतच नाही. मोठ्या जहाजावरच्या मुख्य थिएटरात सुमारे १,४०० खुर्च्या असतात आणि प्रवासी पाच-सहा हजार. एका कार्यक्रमाचे तीन-चार खेळ लावले तरच सगळ्यांना जागा पुरते. म्हणून जागांची नोंदणी निघण्याच्या काही आठवडे आधी कंपनीच्या अ‍ॅपवर सुरू होते आणि चांगल्या वेळा लवकर जातात. हे माहीत नसलेला माणूस जहाजावर दुसऱ्या दिवशी अ‍ॅप उघडतो आणि त्याला सगळीकडे 'फुल' दिसतं. त्याची तक्रार खोटी नसते, पण तेव्हा उपाय एकच उरतो: खेळाच्या अर्धा तास आधी नोंदणी नसलेल्यांच्या रांगेत उभं राहायचं. नोंदणी करून न येणारे दर खेळाला असतात आणि सुरू होण्याआधी दहा-पंधरा मिनिटं त्यांच्या जागा सोडल्या जातात.

रात्रीच्या जेवणाला दोन पद्धती असतात. एकीत वेळ ठरलेली, साडेपाच-सहा किंवा आठ-साडेआठ, आणि टेबल व वाढपी रोज तेच. दुसरीत हवं तेव्हा जायचं. दुसरी ऐकायला बरी वाटते, पण साडेसहा ते साडेसात या वेळेत तिच्या दारात रांग लागते. ठरलेल्या वेळेला तुमचं टेबल तुमच्यासाठी राखलेलं असतं आणि तिसऱ्या दिवसापर्यंत वाढप्याला तुमचं पथ्यपाणी पाठ झालेलं असतं. आहाराची काही अडचण असेल तर डोळे मिटून ठरलेली वेळ घ्या. अ‍ॅलर्जी असेल तर ती बुकिंगमध्ये लिखित नोंदवा आणि पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला पुन्हा सांगा. दुसऱ्या दिवसाचा मेनू आदल्या रात्री दाखवून घेतला की स्वयंपाकघराला वेगळं करायला वेळ मिळतो.

आता केबिन. कुठल्या दर्जाची घ्यावी यावर लोक तासन्‌तास चर्चा करतात आणि जागा कुठली मिळाली हे बघतही नाहीत. खरं तर उलट करायला हवं. चांगल्या जागी असलेली आतली, खिडकी नसलेली केबिन वाईट जागी असलेल्या बाल्कनीपेक्षा बरी झोप देते.

स्विमिंग पूलच्या डेकच्या लगेच खालच्या केबिनचं उदाहरण घ्या. नकाशावर ती उत्तम दिसते. वरचा मजला आहे, पूल जवळ आहे, दरही बरा आहे. पहाटे पाच-साडेपाचला वर सफाई सुरू होते. रात्रभर एकावर एक रचून ठेवलेल्या आरामखुर्च्या ओढून रांगेत लावल्या जातात आणि प्रत्येक खुर्चीचे पाय डेकवर घासतात. खाली पोलाद आहे, त्याखाली तुमचं छत आणि मध्ये आवाज गिळणारं फारसं काही नाही. खुर्च्या शेकड्यांनी असतात. मग पाण्याच्या नळीने डेक धुतला जातो आणि सात वाजता पहिली मुलं धावू लागतात. कानात बोळे घातले तरी हा आवाज जात नाही, कारण तो भिंतीतून आणि पलंगातून येतो. या केबिनमधला माणूस तिसऱ्या दिवसापासून चिडलेला असतो, आणि चिडलेल्या माणसाला जेवण, कर्मचारी, हवा यांतलं काहीच गोड लागत नाही. दोन मजले खालचा त्याचा शेजारी मात्र रोज आठला ताजातवाना उठतो.

हे टाळायची रीत सोपी आहे. जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, उघडा, आपल्या केबिनची जागा बघा आणि मग नेमक्या त्याच जागी वरच्या आणि खालच्या डेकवर काय आहे ते बघा. दोन्हीकडे केबिनच असतील तर निर्धास्त घ्या. वर बुफे असेल तर पहाटे ट्रॉल्यांची चाकं ऐकू येतील. खाली थिएटर किंवा नाचाचा क्लब असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोलाचा ठेका उशीतून जाणवेल. नकाशावर काहीच न लिहिलेला पांढरा कोरा भाग दिसला तर तो रिकामा समजू नका. तिथे स्वयंपाकघर, भांडार किंवा कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्याची जागा असते. अगदी पुढच्या टोकाला खालच्या डेकवर नांगराच्या साखळीचा खडखडाट येतो. जहाज धक्क्याला लागताना पुढचे आडवे पंखे चालू होतात तेव्हा तिथला पलंग दहा-पंधरा मिनिटं थरथरतो. मागच्या टोकाला खाली प्रोपेलरचं कंपन असतं. दोन केबिनना जोडणारं दार मध्ये असेल तर पलीकडचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं, म्हणून नकाशावर त्या दाराची खूण बघा. आणि जहाजाची मोठी डागडुजी झाली की डेक प्लॅन बदलतो, तेव्हा हातातला नकाशा कधीचा आहे तेही बघा.

स्वस्तातली 'गॅरंटी' केबिन म्हणजे दर्जाची हमी. जागा कंपनी ठरवते, बहुधा निघण्याच्या थोडे दिवस आधी, आणि लोकांनी निवडून निवडून उरलेल्या केबिन याच असतात. झोप सावध असणाऱ्याने या दराच्या मोहात पडू नये.

आतल्या केबिनमध्ये दिवा बंद केला की मिट्ट काळोख असतो. काहींना तशी झोप फार आवडते, काहींचा वेळेचा अंदाजच सुटतो. टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल आवाज बंद करून लावून ठेवलं की उजाडलं ते कळतं. बाल्कनीच्या केबिनमध्ये एक गोष्ट मुलांनाही बजावून सांगायची: बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं दार उघडायचं नाही. समुद्रावरचा वारा बोगद्यासारखा आतून वाहतो, जड दार फाडकन आपटतं आणि बोटं सापडतात. ही इजा जहाजांवर नवी नाही. बाल्कनी आतल्या बागेकडे किंवा चौकाकडे उघडणारी असेल तर तिथून समुद्र दिसत नाही, समोरच्या बाल्कनीतली माणसं दिसतात आणि संध्याकाळचं संगीत ऐकू येतं. ज्याला चहलपहल आवडते त्याला ती जागा आवडते. ज्याला लाटा बघायच्या होत्या त्याला फसवल्यासारखं वाटतं.

केबिनची भिंत बहुधा पोलादी पत्र्याची असते, त्यामुळे लोहचुंबकाचे हुक घेऊन जा. छोट्या केबिनमध्ये ओले कपडे आणि टोप्या टांगायला त्यांचा मोठा उपयोग होतो. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारी सोय) असलेली वीजपट्टी मात्र नेऊ नका, ती चढतानाच काढून घेतात. जहाजाची वीजव्यवस्था घरासारखी जमिनीशी जोडलेली नसते आणि अशा व्यवस्थेत सर्ज प्रोटेक्टर बिघडून तापू शकतो, आग लागू शकते. इस्त्रीवरची बंदीही आगीच्या भीतीनेच आहे. साधा बहुमुखी यूएसबी चार्जर चालतो. शौचालय निर्वात पद्धतीचं असतं आणि बऱ्याच केबिनच्या नळ्या एकाच वाहिनीला जोडलेल्या असतात. कुणी एकाने ओला टिश्यू किंवा पॅड टाकला की त्या पट्ट्यातल्या सगळ्या शौचालयांचं पाणी ओढणं बंद होतं. पुन्हा पुन्हा बटण दाबून काही होत नाही. लगेच फोन करून कळवा आणि जवळच्या सार्वजनिक शौचालयाची जागा पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

जहाज लागण्याची, म्हणजे डोलण्यामुळे मळमळ-उलटी होण्याची, भीती बऱ्याच जणांना असते आणि त्यातही जागेचा भाग मोठा आहे. जहाज पाळण्यासारखं पुढेमागे आणि आडवं डोलतं. सर्वांत कमी हालचाल मध्यभागी आणि खालच्या डेकवर असते, सर्वांत जास्त टोकांना आणि वर. मोठ्या जहाजांच्या पोटाला दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्थिरक असतात. ते आडवं डोलणं कमी करतात, समोरून लाटा आल्यावर होणारं पुढेमागे डोलणं थांबवू शकत नाहीत. शिवाय त्यांना जोर येतो तो वेगातून, त्यामुळे वादळात कप्तानाने वेग कमी केला की त्यांचा परिणामही कमी होतो. औषध घ्यायचं तर मळमळ सुरू होण्याआधी. एकदा पोट ढवळायला लागलं की गोळी नीट शोषली जात नाही. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी निदान चार तास आधी लावावी लागते आणि तीन दिवस चालते. काचबिंदू किंवा लघवीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय ती लावू नये. मेक्लिझिनच्या गोळीने झोप येते, म्हणून ती रात्री घेणं सोयीचं. त्रास व्हायला लागला तर केबिनमध्ये पडून फोन बघत राहू नका. मधल्या डेकवर उघड्या हवेत या आणि नजर क्षितिजावर ठेवा.

बंदरांच्या नावांवरून सर्वांत जास्त मनस्ताप होतो आणि तो पूर्ण टाळता येण्यासारखा आहे. कार्यक्रमपत्रिकेत 'रोम' लिहिलेलं असतं, जहाज लागतं चिविताव्हेक्कियाला, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो. 'पॅरिस' म्हणजे ल आव्र, सुमारे दोनशे किलोमीटर. 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंडे, जाऊन-येऊन पाच-सहा तास गाडीतच जातात. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या ज्यूदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. त्यामुळे व्हेनिसच्या नावाखाली मार्गेरा, रव्हेन्ना किंवा त्रिएस्ते असं दुसरंच बंदर असू शकतं. प्रत्येक बंदरासाठी चार गोष्टी लिहून काढा: खरं बंदर कुठलं, पोहोचण्याची वेळ, सुटण्याची वेळ आणि शहरात जायला लागणारा वेळ. पोहोचल्यावर उतरायला परवानगी मिळेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो, आणि सगळ्यांनी परत येण्याची वेळ सुटण्याच्या निदान अर्धा तास आधीची असते. दहा तासांचा मुक्काम असेल आणि शहर तीन तास दूर असेल तर हाती जेमतेम तीन तास उरतात. हे कागदावर दिसलं तर माणूस ल आव्रजवळचं ओंफ्लरचं जुनं बंदर बघायला जातो आणि खूश होऊन परत येतो.

काही थांबे कायद्यासाठी असतात. अमेरिकेच्या १८८६ च्या प्रवासी जहाज कायद्यानुसार परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकेच्या बंदरातून निघून मध्ये परदेशी बंदर न घेता अमेरिकेतच फेरी संपवू शकत नाही. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा झेंड्यांखाली नोंदलेली असतात. म्हणून सिएटलहून अलास्काला जाणाऱ्या फेऱ्यांमध्ये कॅनडाचं व्हिक्टोरिया येतं, आणि पुष्कळदा शेवटच्या संध्याकाळी काही तासांपुरतं. तिथल्या प्रसिद्ध बागा उजेडात नीट बघता येतील अशी आशा धरू नका.

जिथे धक्का नाही तिथे जहाज समुद्रात नांगर टाकतं आणि लहान बोटींनी, म्हणजे टेंडरने, लोकांना नेतात. ग्रीसचं सान्तोरिनी बेट हे याचं ठळक उदाहरण. टेंडर कड्याच्या तळाशी जुन्या बंदरावर सोडते आणि 'फिरा' नावाचं गाव वर कड्याच्या माथ्यावर. वर जायला केबल कार, नाहीतर जवळपास सहाशे पायऱ्या. तीन-चार जहाजं एकाच दिवशी आली की सकाळी वर जायला आणि दुपारी चारनंतर खाली यायला लांब रांग लागते, तीही उन्हात. पायऱ्यांवर खेचरांची ये-जा असते, दगड गुळगुळीत आणि लिदीने निसरडे झालेले असतात. उतरताना चांगली पकड असलेले बूट हवेत. जहाजातर्फे सहल घेतली तर टेंडरमध्ये आधी नंबर लागतो. स्वतः फिरणार असाल तर सकाळी लवकर टेंडरचं तिकीट घ्या आणि शेवटच्या टेंडरच्या दोन तास आधी केबल कारच्या रांगेला लागा. व्हीलचेअर असलेल्यांना टेंडरवर चढवणं समुद्र जरा खवळला तरी नाकारलं जातं, म्हणून अशा प्रवाशांनी धक्क्याची बंदरं जास्त असलेली फेरी निवडावी. वारा वाढला तर टेंडरचं बंदर सर्वांत आधी रद्द होतं.

बंदर रद्द झालं की प्रवाशांना वाटतं आपले पैसे बुडवले. तिकिटाच्या करारात कप्तानाला मार्ग बदलण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला असतो, आणि सहसा परत मिळतात ते त्या बंदराचे कर आणि जहाजातर्फे घेतलेल्या सहलीचे पैसे. बाहेरच्या एजंटकडून सहल घेतली असेल तर 'जहाज आलं नाही तर पूर्ण परतावा' ही अट आधी लेखी घ्या. १ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिकमधला चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम. त्या काळातले कॅरिबियनचे दर कमी असतात, पण जहाज वादळाला वळसा घालून पूर्वेऐवजी पश्चिमेची बंदरंही घेऊ शकतं. ज्याला जहाजच बघायचं आहे त्याला हा सौदा उत्तम. एखादं विशिष्ट बेटच बघायचं असेल तर तो हंगाम टाळा.

परत येण्याची वेळ जहाजाच्या घड्याळाची असते. फोन किनाऱ्यावरच्या टॉवरची वेळ पकडतो आणि काही बंदरांत दोन्हींत तासाचा फरक असतो. जहाजावर वेळ लावलेलं साधं मनगटी घड्याळ घालून उतरा. जहाजातर्फे काढलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, स्वतः गेलेल्यांसाठी सहसा थांबत नाही.

पैशांबाबतची नाराजी बहुतेक वेळा एकाच कारणाने होते: तिकीट म्हणजे सगळा खर्च असं समजलेलं असतं. दर माणशी दर दिवशी टीप आपोआप तुमच्या जहाजावरच्या खात्यावर चढते आणि बहुतेक कंपन्यांत मुलांचीही चढते. पेयांवर १८ ते २० टक्के सेवाशुल्क वेगळं. इंटरनेट, खास उपाहारगृहं, सहली, फोटो, जिममधले वर्ग हे सगळं वेगळं. पेयांचं पॅकेज घेताना दोन गोष्टी तपासा. एका केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी ते घ्यावं अशी अट बऱ्याच कंपन्यांची असते. शिवाय पॅकेज फेरीच्या प्रत्येक दिवसाचं आकारतात, बंदरात तुम्ही आठ तास खाली असलात तरी. आठवड्यात पाच बंदरं असतील तर पॅकेज वसूल होणं कठीण, अटलांटिक ओलांडणाऱ्या फेरीत सोपं. जे घ्यायचं ते निघण्याआधी ऑनलाइन घ्या. तिथे सहसा स्वस्त पडतं आणि नंतर दर उतरला तर रद्द करून पुन्हा घेता येतं. खात्याला डेबिट कार्ड जोडू नका. रोज रक्कम अडकवून ठेवली जाते आणि ती सुटायला घरी गेल्यावरही बरेच दिवस लागतात.

इंटरनेटबद्दलच्या जुन्या तक्रारी आज जशाच्या तशा लागू नाहीत. पूर्वी सिग्नल सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहापर्यंत जाऊन परत यायचा. २०२२ पासून मोठ्या कंपन्यांनी स्टारलिंक बसवायला सुरुवात केली आणि ते उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहेत. व्हिडिओ कॉलही आता होतात. फोन मात्र चढताक्षणी फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर तो जहाजावरच्या मोबाइल टॉवरला जोडला जातो आणि त्या रोमिंगचं बिल भयंकर येतं.

तब्येतीबाबत नोरोव्हायरसची धास्ती असते आणि ती पोकळ नाही. लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. दारातल्या अल्कोहोलच्या जेलवर विसंबू नका, या विषाणूवर तो फारसा चालत नाही. साबण आणि पाण्याने वीस सेकंद हात धुणं हाच उपाय, विशेषतः बुफेचे चमचे हाताळल्यावर आणि खायला बसण्याआधी. त्रास झाला तर लपवू नका. केबिनमध्ये दोन-तीन दिवस बसावं लागेल, पण लपवणाऱ्या एका माणसामुळे शेकडो लोकांची सुट्टी वाया जाते. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांची तिथली सीडीसी ही आरोग्यसंस्था अचानक तपासणी करते. १०० पैकी ८६ किंवा जास्त गुण म्हणजे पास, आणि हे अहवाल कुणालाही वाचता येतात. नुसता गुण बघू नका, गुण कशासाठी कापले ते वाचा. जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो, बिल खात्यावर चढतं. घरचा आरोग्यविमा समुद्रात चालतो का ते आधी विचारा आणि हेलिकॉप्टर किंवा बोटीने किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च देणारा प्रवासविमा घ्या. गरोदरपणाचा २४वा आठवडा फेरी संपण्यापूर्वी लागत असेल तर चढू देत नाहीत, आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत. मोठा समुद्र ओलांडायचा असेल तर बाळ निदान वर्षाचं लागतं.

मोठ्या दुरुस्तीसाठी जहाज ठरावीक वर्षांनी कोरड्या गोदीत जातं. गोदीतून निघाल्यावरची पहिली फेरी शक्यतो घेऊ नका. काम क्वचितच वेळेत संपतं, मजूर जहाजावरच असतात, नव्या गालिच्याचा आणि रंगाचा वास असतो, एखादं उपाहारगृह बंद असतं आणि पाण्याच्या तापमानापासून दाराच्या कुलपांपर्यंत सगळं पहिल्यांदाच चाचपलं जात असतं. दोन-तीन फेऱ्यांनंतर तेच जहाज नव्यासारखं मिळतं.

काही बिघडलंच तर त्याच दिवशी कळवा. एसी चालत नाही, शेजारून सिगारचा धूर येतो, रात्री गोंगाट होतो, हे सगळं प्रवाशांच्या मदत-काउंटरवर जाऊन नोंदवा. नोंदीचा क्रमांक, वेळ आणि बोललेल्या माणसाचं नाव लिहून ठेवा, फोटो काढा. चोवीस तासांत काही हललं नाही तर हॉटेल डायरेक्टरला, म्हणजे जहाजावरच्या राहण्या-खाण्याच्या प्रमुखाला, अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या: काय बिघडलं, कधी कळवलं, काय हवं. 'काय हवं' हे नेमकं लिहा, म्हणजे केबिन बदल किंवा अमुक खर्चाचा परतावा. जहाजावर रिकामी केबिन असली तर पहिल्या-दुसऱ्या दिवशी मिळू शकते. शेवटच्या रात्री सांगितलेल्या तक्रारीवर कुणालाच काही करता येत नाही, आणि घरी जाऊन पाठवलेल्या ईमेलला साचेबंद उत्तर येतं. सफाई कर्मचाऱ्याशी बोलताना एवढं लक्षात ठेवा की त्याच्याकडे बऱ्याच केबिन असतात. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात त्याला चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती ठरवून दिली आहे, म्हणजे उरलेला वेळ बहुतेक कामाचाच. केबिन किती वाजता साफ हवी ते पहिल्या दिवशी सांगितलं की दोघांचंही काम सोपं होतं.

राहिला प्रश्न इतरांची मतं कशी वाचायची याचा. आधी फेरीचा महिना आणि किती रात्रींची होती ते बघा. तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांवर मौजमजेला आलेले तरुण जास्त असतात, चौदा रात्रींच्या फेऱ्यांवर निवृत्त मंडळी. मग लिहिणारा एकटा होता, जोडीने होता की मुलांसह, ते शोधा आणि आपल्यासारख्याचंच मत जास्त धरा. 'सेवा वाईट', 'सगळं छान' अशी मोघम वाक्यं सोडून द्या. 'साडेसातला चाळीस मिनिटं थांबलो' हे वाक्य कामाचं, कारण त्यात वेळ आहे आणि ती टाळता येते. वादळ, रद्द झालेलं बंदर, पाऊस यांवरून दिलेले वाईट शेरे जहाजाबद्दल काहीच सांगत नाहीत. आणि झोप झाली नाही असं कुणी केबिनच्या क्रमांकासह लिहिलं असेल तर तो क्रमांक डेक प्लॅनवर शोधा. झोप न होण्याचं कारण पुष्कळदा तिथेच, एक मजला वर किंवा खाली, छापलेलं असतं.